वेगवान मोटारीचा तोल : शॉकरच्या नियंत्रकाची जुळणी

इंदूरच्या बाजारात मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आम्हां मंडळींकडे अलीकडे एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते तरुण असते, त्याची मोटार वेगवान असते, आणि त्यास जे शॉकर हवे असतात ते साधे नसतात. ज्यांचा कठीणपणा एक विजेची पेटी चालत्या गाडीत क्षणोक्षणी बदलते, असे हवे असतात. वस्तू किमती, नफा बरा, आणि बसविण्याचे काम एका दिवसाचे. त्यामुळे पैसे गल्ल्यात पडले की व्यवहार पुरा झाला असे समजण्याचा मोह होतो. आम्हांसही तो झाला होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानातून असा एक संच गेला. मालकाने चारही चाकांचे आकडे सर्वांत कठीण टोकास नेऊन ठेविले. कठीण म्हणजेच वेगवान, अशी त्याची समजूत होती आणि ती दूर करण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. पुढे आषाढात तो सहकुटुंब महेश्वरास निघाला असता मानपूरच्या घाटात, ओल्या वळणावर, रस्त्याचा एक लहानसा उंचवटा लागताच मागची चाके उचलल्यासारखी झाली आणि गाडी आडवी गेली. समोरून वाहन येत नव्हते, म्हणून कोणास इजा झाली नाही. चौथ्या दिवशी त्याचे वडील दुकानी आले, ती पेटी गल्ल्याशेजारी ठेवून म्हणाले, "शेठजी, तुमचा माल चोख असतो हे मला ठाऊक आहे. पण हा आकडा लावू नकोस, असे माझ्या मुलास सांगणारे तुमच्या दुकानात कोणीच नव्हते काय?" या प्रश्नास त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम शॉकरचे खरे काम कोणते ते पाहू. गाडीचा भार शॉकर पेलीत नाही; तो स्प्रिंग पेलते. खड्डा लागला की स्प्रिंग दबते आणि पुन्हा उसळते. तिला एकटी सोडली तर गाडी कितीतरी वेळ झुलत राहील. शॉकरमधील तेल बारीक झडपांतून जाताना अडते आणि ही उसळी उष्णतेत जिरविते. म्हणजे शॉकरचा रोध हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो. हालचाल थांबली की रोधही संपला. वळणावर गाडी एका बाजूस किती झुकावी हे अखेरीस स्प्रिंग आणि झुकाव रोखणारा आडवा दांडा ठरवितात; शॉकर फक्त ती किती लवकर झुकेल एवढेच ठरवितो. लांब वळणावर झुकाव कमी व्हावा म्हणून शॉकर कठीण करणाऱ्या गिऱ्हाइकास हे एक वाक्य सांगितले तरी त्याचे अर्धे कष्ट वाचतात.

आता थोडा हिशोब करू. समजा, एका चाकावर गाडीच्या शरीराचा ३०० किलो भार आहे आणि तेथील स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन, म्हणजे सुमारे दोन किलोंचा जोर लागतो. अशी गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलेल. एकदाही न झुलता ती जागेवर यावी, यासाठी शॉकरच्या हालचालीच्या दर सेकंदी एक मीटर वेगास सुमारे ४,९०० न्यूटन रोध लागेल. यास आपण पूर्ण रोध म्हणू. आरामाच्या गाडीत याच्या दोन ते तीन दशांश एवढाच रोध ठेवितात. वेगवान गाडीत चार दशांश किंवा त्याहूनही अधिक. तीन दशांश धरले तर आपल्या गाडीस सुमारे १,४७० न्यूटन हवे. आता त्याच गाडीत चार माणसे व सामान भरून त्या चाकावरचा भार ४०० किलो झाला, तर पूर्ण रोधाचे प्रमाण वाढून ५,६५० च्या घरात जाते आणि जुना आकडा २६ शतांशांवर उतरतो. एकच आकडा सकाळी योग्य आणि संध्याकाळी अपुरा ठरतो, तो असा.

येथेच नियंत्रकाची गरज उत्पन्न होते. ही गरज नवी नाही. १९३० च्या दशकात रोल्स-रॉइस व बेंटले यांच्या काही मोटारींत सुकाणूच्या मध्यभागी एक लहान दांडी असे. ती फिरवून चालक बसल्या जागी शॉकर मऊ वा कठीण करी. त्याच दशकात आपल्या शहराचे अधिपती महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून सांगाडा बांधवून घेतला होता. वेगवान मोटारीची आवड इंदुरास कालपरवाची नाही, हे यावरून दिसेल. फरक एवढाच की, त्या काळी रस्ता पाहून निर्णय घेणारा चालकाचा हात होता. आज ती पेटी आहे. टोयोटाने १९८३ साली आपल्या सोअरर मोटारीत विजेने बदलणारे शॉकर आणिले, आणि २००२ साली कॅडिलॅकच्या सेव्हिल मोटारीत असे शॉकर आले की ज्यांच्या तेलातील लोहकण चुंबकाच्या जोराने रोध बदलतात.

या पेटीच्या विचारामागील मूळ तत्त्व १९७४ साली कार्नोप, क्रॉसबी व हारवुड या अभियंत्यांनी मांडिले. कल्पना करा की, गाडीचे शरीर आकाशात टांगलेल्या एका शॉकरने धरून ठेविले आहे. मग रस्ता कसाही असो, शरीर स्थिर राहील. आकाशात खुंटी मारता येत नाही; परंतु त्याचा बराचसा परिणाम एका साध्या नियमाने साधतो. चाकाजवळचा शॉकर ज्या क्षणी शरीराची हालचाल रोखण्याच्या बाजूने जोर लावू शकतो, त्या क्षणी तो कठीण करावा. ज्या क्षणी तोच जोर शरीरास ढकलणारा ठरेल, त्या क्षणी मऊ करावा. सारांश, कठीणपणा हा खर्च आहे. तो कारण पडेल तेव्हाच आणि कारण पडेल तेवढाच करावयाचा. जुळणीचे सर्व शास्त्र या एका वाक्यात आले.

बाजारात मिळणारे संच मुख्यतः दोन जातींचे. एका जातीत शॉकरच्या माथ्यावरील फिरकीवर लहान मोटर बसते आणि ती ठराविक टप्प्यांनी फिरकी फिरविते. जपानच्या टाइन कंपनीचा संच या जातीचा. दुसऱ्या जातीत शॉकरच्या आतच विजेची झडप असते आणि कारखान्याच्या पेटीऐवजी दुसरी पेटी लावून त्या झडपेस जाणारा प्रवाह बदलितात. हा भेद नीट समजला पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. विजेच्या झडपेने सेकंदाच्या शंभराव्या भागात काम केले, तर तेवढ्यात गाडी जेमतेम १७ सेंटिमीटर सरकते. समजा, फिरकीच्या मोटरने अर्धा सेकंद घेतला, तर गाडी आठ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते, आणि खड्डा केव्हाच मागे पडलेला असतो. म्हणून पहिल्या जातीचा संच वेग, वळण व ब्रेक यांची पूर्वतयारी करू शकतो. खड्ड्यास उत्तर देऊ शकत नाही. जो विक्रेता दोन्ही एकच म्हणून सांगतो, तो तराजूच चुकीचा धरतो.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. पेटीस हात लावण्यापूर्वी टायरमधील हवा, बुश, जोडसांधे व चाकांची सरळ रेषा तपासावी, आणि शॉकर गळत नाही हे पाहावे. झिजलेल्या बुशचा दोष कोणत्याही आकड्याने झाकत नाही. नंतर गाडी सपाट फरशीवर उभी करून संवेदकाचे शून्य ठरवावे. पेटी ज्या दिशेने बसवावी असे सांगितले असेल, त्याच दिशेने ती बसली आहे ना, हे मोकळ्या जागी सावकाश वळून पाहावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा त्या बाजूचे आकडे वाढले पाहिजेत. उलट होत असेल तर पेटी उलटी बसली आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर नेणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय.

तेल गरम झाले की पातळ होते आणि रोध उतरतो. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिसापलीकडे जातो. म्हणून गाडी वीसेक मिनिटे चालविल्यानंतरच आकडे ठरवावे; थंड शॉकरवर केलेली जुळणी दुपारी खोटी ठरते.

पहिला तक्ता वेगाचा. शहरातील मंद चालीस मऊ, आणि वेग वाढेल तसतसा रोध थोडा थोडा वाढता ठेवावा. भारतीय रस्ते परिषदेच्या नमुन्यातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे. त्या वेगाने एक चाक तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास ओलांडते, म्हणजे धक्का येतो तो सेकंदाला दोन आंदोलनांच्या चालीने. ही चाल गाडीच्या स्वतःच्या झुलण्याच्या जवळची असल्यामुळे येथे रोध अगदी काढून घेऊन चालत नाही. गतिरोधक उतरल्यावर गाडी दोनदा झुलली तर तळाचा आकडा एक घर वाढवावा. खडबडीत रस्त्यावरील बारीक धक्के याहून कितीतरी जलद असतात. चाक स्वतः सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. तेथे फाजील कठीणपणा टायरला रस्त्यावरून उडवितो. मानपूरच्या घाटात झाले ते हेच.

दुसरा तक्ता वळणाचा व ब्रेकचा. येथे जोर गुरुत्वाच्या पटीत मोजतात. आमची रीत अशी : ०.२ पटीपर्यंत काहीही बदलू द्यावयाचे नाही, कारण रोजच्या चालविण्यात एवढा जोर सतत येतो आणि पेटी उगाच चाळवत राहते, तेथून ०.६ पर्यंत रोध पायरीपायरीने चढवावयाचा, एकदम नव्हे. आणि वळण संपताच झटकन न उतरविता सावकाश उतरवावयाचा. वळणात शिरताना पुढचा रोध फार वाढविला तर गाडी बाहेरच्या अंगास सरकू पाहते. मागचा फार वाढविला तर मागची बाजू सुटू पाहते. सामान्य गृहस्थाच्या गाडीत पहिला दोष एक वेळ पत्करावा, दुसरा कदापि नाही.

तिसरी गोष्ट पुष्कळांस सुचत नाही. तार तुटली किंवा वीज गेली तर शॉकर कोणत्या स्थितीत राहील? हे विक्रीपूर्वीच जाणून घ्यावे, आणि मोकळ्या जागी, मंद वेगात, जोड काढून प्रत्यक्ष पाहावे. काही जण कारखान्याचे विजेचे शॉकर काढून साधे बसवितात आणि इशाऱ्याचा दिवा पेटू नये म्हणून फसवी जोडणी करितात. दिवा विझला म्हणून दोष विझत नाही.

हे सर्व करताना वही जवळ असावी. एका वेळी एकच आकडा बदलावा. रस्ता, वेग, भार, चालक आणि टायरमधील हवा तीच ठेवावी. आणि बदलापूर्वीचा अनुभव व नंतरचा अनुभव समोरासमोर लिहावा. जमा-खर्चाची ज्यास सवय आहे त्यास ही शिस्त नवी नाही. आपल्या जवळच पिथमपूर येथे नॅट्रॅक्स हे राष्ट्रीय वाहन-परीक्षण केंद्र आहे, तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. वेगासाठी एक मार्ग, वळणांसाठी दुसरा, आरामाच्या परीक्षेसाठी तिसरा, अशी तेथे विभागणी आहे. एका मार्गावरचा निकाल दुसऱ्यावर लादीत नाहीत. तसली धावपट्टी आम्हां दुकानदारांस परवडणारी नाही. पण ही रीत फुकट आहे.

कायद्याचीही आठवण हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही; आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गाडी खाली बसविणे, स्प्रिंग कापणे असल्या गोष्टी या संचासोबत सहज येतात. तेव्हा परिवहन कार्यालयात विचारल्यावाचून, आणि विमा कंपनीस लेखी कळविल्यावाचून, काम हाती घेऊ नये.

त्या वडिलांनी आणून ठेविलेली पेटी पुढे आम्हीच त्या गाडीत परत बसविली. दोन रविवार वही घेऊन त्यांच्या मुलाशेजारी बसलो. सर्वांत कठीण आकडा कोठेही उरला नाही. मुलाने आपण होऊन सांगितले की, गाडी आता पूर्वीपेक्षा जलद वळते आणि घरातली माणसेही कुरकुर करीत नाहीत. त्या दिवसापासून आमच्या दुकानात एक नियम झाला आहे : जुळणी केल्यावाचून, आणि आकड्यांचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती दिल्यावाचून, संचाचे बिल फाडावयाचे नाही. विकलेली वस्तू घाटातील ओल्या वळणावर कशी वागेल, हे सांगता येईल तेव्हाच ती विकली असे म्हणावे. आमच्या व्यवसायबंधूंनीही हा नियम करून पाहावा, एवढीच विनंती.