नवी टाकी, नवे मासे आणि पाणी बदलण्याचा हिशेब

रंगीत माशांचा व्यापार आता मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्यापुरता राहिलेला नाही. काच कापणारा, टाकी चिकटवणारा, लोखंडी स्टँड करणारा वेल्डर, पंप दुरुस्त करणारा कारागीर आणि मासे विकणारा दुकानदार अशा अनेकांची रोजी त्यावर चालते. आम्ही कापडाच्या व्यापारातले. पण आमच्या बाजारातही गल्ल्याशेजारी काचेची टाकी ठेवण्याची हौस आहे, म्हणून या मालाचे गिऱ्हाईक या नात्याने चार गोष्टी मांडत आहोत.

गिऱ्हाईकाची तक्रार बहुधा एकच असते. टाकी आणली, त्याच दिवशी मासे सोडले आणि पंधरा-वीस दिवसांत निम्मे मेले. दुकानदाराला विचारले तर एक सांगतो, ‘महिनाभर पाण्याला हात लावू नका.’ दुसरा सांगतो, ‘सगळे पाणी काढून टाकी धुऊन घ्या.’ हे दोन्ही सल्ले माशांच्या जिवावर बेततात.

पाण्यात काय घडते?

माशांची विष्ठा, त्यांच्या कल्ल्यांतून निघणारी घाण आणि उरलेले खाणे यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना जहर आहे. निसर्गात एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. नायट्राइटही घातकच. ते रक्तात गेले की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात माशांना सोसते.

नव्या टाकीत हे जीवाणू नसल्यासारखेच असतात. त्यांची वाढही मंद असते. एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळे टाकी तयार होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी त्यात जहर असू शकते. आणि मासे न सोडता टाकी नुसती पंधरा दिवस चालवूनही काही साधत नाही, कारण जीवाणूंना खाण्यास अमोनियाच मिळत नाही.

पाणी बदलल्याने जीवाणू जातात का?

नाही. सारा गैरसमज येथेच आहे. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरचा स्पंज, खडी आणि काच यांना चिकटून राहतात. बादलीभर पाणी काढले तर जहर निघते, जीवाणू जागेवर राहतात. मासे रोज नवा अमोनिया देतातच, म्हणून जीवाणू उपाशीही मरत नाहीत. उलट स्पंज नळाखाली पिळला किंवा खडी धुऊन काढली, तर झालेली मेहनत वाया जाते आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. स्पंज फारच तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका खंगाळावा. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले तरी घाबरून टाकी उपसू नये.

किती पाणी, केव्हा?

२ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ ते ५० लिटर धरावे. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १२ लिटर, एक बादली. पहिले ४ ते ६ आठवडे दर दुसऱ्या दिवशी एवढे पाणी बदलावे. तपासणीचे थेंब मिळतात. त्यांचा रंग पट्टीशी जुळवायचा असतो, आणि शेड कार्ड पाहणाऱ्या कापडवाल्याला ते अवघड नाही. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याच दिवशी पाणी बदलावे. हिशेब साधा आहे. १ मिलिग्रॅम असेल तर चौथा हिस्सा बदलून ०.७५ उरते, निम्मे बदलले तर ०.५.

नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट किंवा गार असावे. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते मासे आणि जीवाणू दोघांनाही मारते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले तर साधे क्लोरीन उडून जाते, पण क्लोरामाइन असेल तर ते जात नाही. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावे. ब्लीचिंगनंतर कापडातले क्लोरीन मारण्यासाठी रंगारी हेच वापरतात. माशांच्या दुकानात ते ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर जास्त जपावे. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा जहरी भाग जवळपास दहापट होतो.

दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. मग आठवड्याला एक बादली पुरते.

विकणाऱ्यांना विनंती

बंधूंनो, पहिल्या दिवशी २ फुटी टाकीत झेब्रा डॅनिओ किंवा प्लॅटीसारखे तीन-चार चिवट मासेच द्या. गोल्डफिश देऊ नका, ते फार घाण करतात. बाकीचे मासे टाकी तयार झाल्यावर थोडे थोडे द्या. आपल्या निरोगी टाकीच्या जुन्या फिल्टरातला स्पंजाचा तुकडा ओला ठेवून सोबत द्या, आणि तो त्याच दिवशी नव्या फिल्टरात बसवायला सांगा. त्याला तुमचा एक पैसा लागत नाही, आणि टाकी कितीतरी लवकर तयार होते.

मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे विकून फायदा होतो असे कोणाला वाटत असेल. पण तो एक-दोनदाच. तिसऱ्या वेळी टाकी माळ्यावर जाते. मग खाणे, औषध, पंप, फिल्टर काहीच विकले जात नाही, आणि शेजारीही टाकी घेत नाही. आज पंधराऐवजी चार मासे विकणाऱ्याचा गल्ला त्या दिवशी हलका राहील, पण त्याचे गिऱ्हाईक पुढची कित्येक वर्षे त्याच्याच दुकानाची पायरी चढेल.