अंधाराच्या पाटीवर उजेडाची पेन्सिल

जळगाव जिल्ह्यातलं चोपडा माहीत आहे ना? तापीच्या उत्तरेला असलेलं, केळीच्या बागांचं तालुक्याचं गाव. त्याच्याही उत्तरेला सातपुडा. अमावस्येच्या आसपास रात्री गावाबाहेरच्या मळ्यात उभं राहिलं, तर डोंगर दिसतच नाही. चांदण्या जिथे संपतात, तिथून डोंगर सुरू झाला असं समजायचं! मुंबई-पुण्याच्या मुलांना असा अंधार पैसे मोजूनही मिळायचा नाही. आणि आज जो खेळ मी सांगणार आहे, त्याला सगळ्यात आधी लागतो तो अंधारच.

दिवाळीत फुलबाजी फिरवून तुम्ही हवेत आपलं नाव लिहिलं असेलच. पहिलं अक्षर लिहून दुसऱ्याकडे वळावं, तोवर पहिलं गायब! दोष फुलबाजीचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे. पाहिलेला उजेड डोळा सुमारे एक दशांश सेकंद धरून ठेवतो आणि सोडून देतो. कॅमेरा मात्र भलताच चिवट. त्याची झडप, म्हणजे शटर, जितका वेळ उघडी असेल तितका वेळ आत आलेला सगळा उजेड तो एकाच चित्रात साठवत जातो. दिवसा ही झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतीच उघडते. ती तीस सेकंद उघडी ठेवली तर? तर तुमचं अख्खं नाव एका फोटोत उमटेल.

पिकासो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जगातला एवढा मोठा चित्रकार, पण त्यालाही या खेळानं वेड लावलं. १९४९ साली ज्यॉन मिली नावाचा छायाचित्रकार फ्रान्समधल्या व्हॅलॉरिस गावी त्याला भेटायला गेला. मिली मूळचा अल्बानियाचा आणि शिक्षणानं विजेचा इंजिनिअर. बर्फावर घसरत उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या बुटांना बारीक दिवे लावून त्यानं अंधारात फोटो काढले होते, ते त्यानं पिकासोला दाखवले. "पंधरा मिनिटं देतो, एकच प्रयोग," असं ठरलं. प्रत्यक्षात पिकासो पाच वेळा उभा राहिला आणि त्यानं हवेत तीसेक चित्रं काढली! बैल काढले, चेहरे काढले, अर्धा माणूस अर्धा घोडा असा प्राणीही काढला. हातात फक्त एक छोटासा विजेचा दिवा. विचार करा, काढलेली रेघ त्याला स्वतःलाच दिसत नव्हती, आणि खोडरबर तर नाहीच. बैलाचं शिंग कुठे संपलं ते लक्षात ठेवूनच पाठीची रेघ सुरू करायची. मला विचाराल तर कागदावरच्या चित्रापेक्षा हे काम अवघड.

आता तुमची पाळी. पूर्वीच्या रीळवाल्या कॅमेऱ्यांवर 'बी' असं अक्षर असायचं. तिथे चकती फिरवली की बटण दाबून धराल तेवढा वेळ झडप उघडी राहायची. आज बऱ्याच फोनमध्ये 'प्रो' नावाची सोय असते. तिच्यात वेळ पंधरा ते तीस सेकंद ठेवा आणि आयएसओ १००. फोन हातात धरायचा नाही हं! तिकाटणं नसेल तर विटांच्या आधारानं घट्ट उभा करा, आणि बोटाच्या धक्क्यानं तो हलू नये म्हणून टायमर लावा. अंधारात फोनला नेमकं कुठे बघावं तेच कळत नाही. म्हणून आधी मित्राच्या अंगावर टॉर्च मारून फोकस पक्का करून घ्या.

मग मित्रानं गडद कपडे घालून कॅमेऱ्याकडे तोंड करायचं आणि टॉर्चनं हवेत लिहायचं. टॉर्चचा झोत कॅमेऱ्याकडे, स्वतःच्या अंगावर अजिबात नाही. फोटोत अक्षरं दिसतील आणि मित्र गायब! त्याच्या अंगावरून कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा उजेड पोचलाच नाही, तर तो उमटणार कसा? अक्षरं मात्र आरशातल्यासारखी उलटी येतील, तेव्हा फोटो नंतर फिरवून घ्या. (फिरवावं लागणार नाही असं आपलं एक अक्षर म्हणजे 'ठ'. आणखी सापडतात का बघा.) अक्षर संपलं की काच अंगठ्यानं झाकायची, नाहीतर सगळी अक्षरं लोकरीच्या गुंड्यासारखी एकमेकांत अडकतील. टॉर्चला रंगीत जिलेटिनचा कागद लावलात तर रंगही मिळतात.

टॉर्च कॅमेऱ्याकडे न वळवता एखाद्या वस्तूवर फिरवली, तर ती पेन्सिल न राहता ब्रश होते. मळ्यात सोडून ठेवलेली बैलगाडी घ्या. एका बाजूनं, रंगाचा हात मारावा तशी चाकांवरून टॉर्च फिरवा. एका जागी थांबलात की तिथे पांढरा डाग. कॅमेऱ्याच्या जवळून उजेड टाकलात तर गाडी पत्र्याची कापून काढल्यासारखी सपाट दिसेल. कॅमेरा उत्तरेकडे वळवला असेल, तर गाडीच्या मागे ध्रुवतारा येईल. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवा, साधारण तेवढाच तो क्षितिजाच्या वर असतो, कारण चोपड्याचे अक्षांश सुमारे एकवीस आहेत. तारे चार मिनिटांत एक अंश सरकतात. तीस सेकंदांचे साठ फोटो लागोपाठ काढून संगणकावर एकत्र जोडले, की ध्रुवाभोवती साडेसात अंशांचे कंस दिसतात. तिथे टॉर्च तुमची नाही, फिरणारी पृथ्वीच रेघ ओढते.

एक सांगतो, ते नीट ऐका. रात्री मळ्यात जाताना मोठं माणूस बरोबर हवंच, आणि पायात बूटही. साप असतात. बिनकठड्याच्या विहिरी असतात, म्हणून जागा दिवसाच बघून ठेवा. रस्त्यावर आणि जंगलात हा खेळ नाही. भांडी घासायची तारेची लोकर पेटवून ठिणग्यांचे फोटो काढणारे लोक आहेत, पण वाळलेल्या केळीच्या पानांशेजारी असला उद्योग म्हणजे शेजाऱ्याच्या बागेला आगच.

हा सगळा नुसता गमतीचा खेळ आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्यानं १९१०च्या दशकात कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून असे फोटो काढले. हात कुठून कुठे जातो, कुठे उगाच वळसा घेतो, ते त्या रेघेत दिसायचं. पुढे त्यांनी दिव्याची वीज थांबून थांबून सोडली. मग सलग रेघेऐवजी तुटक रेघोट्या उमटल्या. रेघोटी लांब असेल तर हात वेगात होता, आखूड असेल तर सावकाश. या रेघांवरून त्यांनी तारेच्या प्रतिकृतीही बनवल्या.

आता खानदेशातल्या घरातला प्रयोग सांगतो. खापरावरचे मांडे करणारी आजी अजूनही अनेक घरांत आहे. पुरण भरलेला उंडा ती लाटत नाही, या हातावरून त्या हातावर टाकत वाढवत नेते. कसं, ते विचारलं तर तिलाही सांगता येत नाही. तिच्या दोन्ही मनगटांना दोन रंगांचे बारीक सेलचे दिवे बांधा. "हाई काय करी ऱ्हायना रे?" असं ती म्हणेलच. चूल पेटवायची नाही, दिवे मालवायचे, आणि एक मांडा तिनं नुसता हातावर वाढवून दाखवायचा. झडप तीस सेकंद उघडी. मग फोटो तिच्यासमोर धरा आणि दोन्ही रेघा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे बोट ठेवून विचारा, "आजी, इथे तू नेमकं काय केलंस?"