नाव सांगता न येणाऱ्या मुलीचा माग

देवगाव फाट्यावरून एक रस्ता सेलूला उतरतो, दुसरा मंठ्याकडे, तिसरा जिंतूरकडे जातो. जिंतूरला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर फाट्यावरून सेलू गाठा, नाहीतर थेट परभणी. दोन्ही स्टेशनं मनमाड-सिकंदराबाद मार्गावर, आणि नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस याच रुळांवरून धावते. गीताच्या शोधात ही गाडी फार महत्त्वाची ठरली.

बोलता-ऐकता न येणारी ही मुलगी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत लाहोरला समझोता एक्स्प्रेसमध्ये एकटीच सापडली. कराचीच्या ईधी संस्थेत ती वाढली. बिल्किस ईधींनी तिचं नाव आधी फातिमा ठेवलं होतं. ती हिंदू असल्याचं लक्षात आल्यावर गीता केलं. 26 ऑक्टोबर 2015 रोजी ती भारतात परतली. बिहारच्या एका कुटुंबानं तिच्यावर हक्क सांगितला, पण डीएनए जुळला नाही. पुढे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी घरच्यांचा पत्ता लावणाऱ्याला एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं. दावेदार वाढले, घर काही सापडेना.

एरवी माणूस हरवला की मागे कागद असतो. ठाण्यात मिसिंगची नोंद होते. मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार गुन्हाच दाखल करावा लागतो. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही, तलाठ्याकडे फेरफार, रेशन दुकानात कार्डावरची नावं. ऊसतोडीला गेलेल्याची चौकशी मात्र सरकारी दप्तरापेक्षा मुकादमाकडे आधी करावी. कोणत्या कारखान्यावर टोळी गेली आणि उचल किती, हे त्याच्या वहीत असतं. पण तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, पाचटावर खेळणारं लेकरू हिशेबात येत नाही.

या साऱ्या दप्तरांची किल्ली म्हणजे नाव. गीताला तेच सांगता येत नव्हतं.

इंदूरच्या आनंद सर्व्हिस सोसायटीचे ज्ञानेंद्र पुरोहित यांनी म्हणून तिच्या आठवणींनाच दप्तर मानलं. खुणांच्या भाषेत तिनं सांगितलं होतं: स्टेशन, नदी, काठावर देऊळ, उसाची आणि भुईमुगाची शेतं, डिझेलचं इंजिन. मराठवाड्यातल्या या मार्गावर तेव्हा वीज आलेली नव्हती. आपण ज्या धुराला वर्षानुवर्षं मागासलेपणाची खूण म्हणून नावं ठेवली, तोच इथं पुरावा झाला! डिसेंबर 2020 मध्ये तिला घेऊन नांदेड, बासर, परभणी असा शोध सुरू झाला. मुलगी सचखंडनं अमृतसरला आणि तिथून समझोतात पोचली असावी, हा तर्क. तो सिद्ध करणारं तिकीट कुठून असणार?

परभणीच्या पहल फाउंडेशनमध्ये तिचं प्रशिक्षण सुरू असताना मूळच्या जिंतूरच्या एका बाईनं ही आपलीच लेक, राधा, असं सांगितलं. लेकीच्या पोटावर भाजल्याचा डाग आहे, हेही तिनं सांगितलं. डाग होता. मार्च 2021 मध्ये बिल्किस ईधींनी आई सापडल्याचं सांगितलं आणि बातमी जगभर गेली. डीएनए चाचणी मात्र तेव्हा झालेली नव्हती. त्यामुळे कोणी शंका घेतली तर वावगं नाही. बिहारचा अनुभव ताजा होता.

माणूस सापडलाच नाही, तर घरच्यांची वेगळीच परवड होते. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मृत असल्याचं कायदा गृहीत धरू शकतो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 111 मध्ये आहे. पण सात वर्षं भरली म्हणून मृत्यूचा दाखला आपोआप हाती पडत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, तोवर सातबाऱ्यावर वारसांची नावं चढत नाहीत. न्यायालयात पहिली विचारणा होते ती मिसिंगच्या नोंदीची. म्हणून नोंद त्याच आठवड्यात करावी, तिची प्रत मागून घ्यावी, आणि वर्णनात कपड्यांच्या रंगाआधी अंगावरचा डाग, व्रण, गोंदण लिहवून घ्यावं.