खच्ची, निर्बीज, आंडील : एका कुत्र्याच्या निमित्ताने

गेल्या जानेवारीत तांब्याला लस टोचायला नेलं होतं. तेव्हा तो सात-आठ महिन्यांचा असेल. डॉक्टरांनी त्याच्या मागच्या पायांमधून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "एकच हाताला लागतंय." दुसरं वृषण खाली उतरलंच नव्हतं. "काढूनच टाकू दोन्ही. पुढच्या आठवड्यात आणा." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घरी येऊन कपाटातली एक जुनी फाईल काढली. ती बाळ्याची होती.

बाळ्या आमचा लॅब्रॅडॉर. 2009 साली तो सहा महिन्यांचा होताच आम्ही त्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. का, असं कुणी विचारलं असतं तर "सगळे करतात" एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. सहाव्या वर्षी जिना उतरताना त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, पण तो शेवटपर्यंत त्या पायावर अर्धंच वजन टाकायचा. ते दुखणं चालू असतानाच माझ्या हातात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2014 चा शोधनिबंध पडला. सहा महिन्यांच्या आत खच्ची केलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये सांध्यांच्या विकारांचं प्रमाण दुप्पट, असं त्यात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकुनी केलेला माणूस. जनावरांच्या वैद्यकाशी माझा संबंध सुरू झाला तो त्या रात्रीपासून, शब्दकोश शेजारी ठेवून.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. महापालिकेच्या गाडीवर 'निर्बीजीकरण' लिहिलेलं असतं, वर्तमानपत्रं 'नसबंदी' छापतात आणि गावाकडे 'खच्ची करणे' म्हणतात. नसबंदीत फक्त बीजवाहिनी कापतात. वृषणं जागेवरच राहतात, त्यामुळे संप्रेरकं वाहत राहतात आणि कुत्रा वागण्यात पूर्वीसारखाच नर राहतो. त्याला फक्त पिल्लं होत नाहीत. आपल्याकडे नर कुत्र्यांची नसबंदी म्हणून जे होतं, ते बहुधा खच्चीकरणच असतं : दोन्ही वृषणं काढून टाकणं. 'खच्ची' हा शब्द अरबी-फारसीतल्या 'खसी'च्या कुळातला. आता तो माणसांच्या मनोधैर्याला इतका चिकटला आहे की जनावराबद्दल वापरताना पापभीरू माणूस दचकतो. आमच्या घरच्या वादात या दचकण्याचा वाटा मोठा होता. आणि ज्याचं काहीच काढलेलं नाही त्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, 'आंडील'. आंडील बैल, आंडील घोडा. हा शब्द आपल्याकडे आहे याचा अर्थ, करायचं की नाही आणि कधी, हा विचार आपल्या भाषेला नवा नाही.

हे मला नीट कळलं ते आबांमुळे. आबा माझे चुलते, माणदेशात राहतात, जन्मभर खिल्लार बैल सांभाळलेले. त्यांना मी शोधनिबंधातली गोष्ट सांगायला गेलो तर ते हसले. "अरं, दोन दात लागल्याबिगर खोंडाला हात लावायचा न्हाई. आदी बडवला तर मान भरत न्हाई, खांदा येत न्हाई, नुसताच उंच व्हतो. लई उशीर केला तर आवरत न्हाई." दोन दात लागणं म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचं वय. पूर्वीची बडवण्याची रीत क्रूर होती, हे आबाही नाकारत नाहीत. पण वयाचा हिशेब त्यांच्याकडे पक्का होता.

या हिशेबाचं शास्त्र असं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो आणि हाड तिथून वाढतं. वयात येताना लैंगिक संप्रेरकांमुळे हा थर कडक होऊन हाडात मिळतो आणि वाढ थांबते. गंमत म्हणजे नराच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि थर बंद करण्याचं मुख्य काम तोच करतो. वृषणंच काढली तर हा इशारा मिळत नाही. हाडं आणखी काही काळ वाढत राहतात. पाय लांब होतात, सांध्यातले कोन थोडे बदलतात. लहान चणीच्या कुत्र्यांत हाडांची वाढ वर्षाच्या आतच आटोपते, मोठ्या जातींत वर्ष-सव्वा वर्ष आणि त्याहूनही जास्त लागतं. म्हणूनच हार्ट यांच्या गटाने 2020 मध्ये 35 जातींची आकडेवारी मांडली तेव्हा लहान जातींत खच्चीकरणाच्या वयाचा सांध्यांवर फारसा परिणाम दिसला नाही. मोठ्या जातींत मात्र तो जातीगणिक बदलत गेला. लॅब्रॅडॉरमध्ये सहा महिन्यांआधी केलं तर सुमारे दुप्पट, गोल्डन रिट्रिव्हरमध्ये चौपट-पाचपट. दोन्ही जाती दिसायला जवळच्या, तरी उत्तर वेगळं. त्याच गटाने मिश्र जातीच्या कुत्र्यांचा वजनाप्रमाणे अभ्यास केला, त्यात 20 किलोच्या वरच्यांत धोका वाढलेला आढळला.

'दुप्पट' या शब्दाने माझी झोप उडवली होती, त्याचा हिशेब मी फार उशिरा केला. आंडील लॅब्रॅडॉरमध्ये सांध्यांचे हे विकार शेकडा पाचच्या आसपास होते, लवकर खच्ची केलेल्यांत दहाच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या नव्वदांना काहीच झालं नाही आणि ज्यांना झालं त्यातल्या निम्म्यांना ते एरवीही झालंच असतं. बाळ्या कुठल्या निम्म्यातला, हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय हे सगळे आकडे एका विद्यापीठाच्या जनावरांच्या इस्पितळातले. तिथे येणारी कुत्री आणि आपल्या गल्लीतली कुत्री सारखी नव्हेत. आणखी एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. बाळ्याचं वजन 41 किलोवर गेलं होतं. खच्चीकरणानंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. त्याचं खाणं कमी करायला हवं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. रोज रात्री ताटातली शेवटची पोळी त्याला मीच घालत असे. गुडघ्यावर त्या पोळ्यांचा भार किती आणि सहाव्या महिन्यातल्या सुरीचा किती, याची वाटणी मला आजही करता येत नाही.

आता दुसरी बाजू. आंडील ठेवलेल्या कुत्र्याचं म्हातारपण निर्वेध असतं असं नाही. वय वाढेल तशी बहुतेक आंडील कुत्र्यांची प्रोस्टेट ग्रंथी सुजते. शौचाला जोर लागतो, लघवीत रक्त दिसतं. त्यावर खच्चीकरण हाच खात्रीचा इलाज आहे आणि काही आठवड्यांत ती ग्रंथी आक्रसते. म्हणजे हा त्रास झाला की तेव्हाही ऑपरेशन करता येतं, त्यासाठी सहाव्या महिन्यातच घाई करायचं कारण नाही. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र खच्चीकरणाने टळत नाही. हा गैरसमज मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. वृषणाची गाठ टळते, पण उतरलेल्या वृषणाची गाठ हाताला लवकर लागते आणि काढली की बहुधा प्रश्न मिटतो. आपल्या रस्त्यांवर आणखी एक रोग दिसतो : समागमातून पसरणारी गाठ. इथे जंतू नव्हे तर कर्कपेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजते. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी अशा अजून जिवंत आहेत, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते. मोकाट फिरणाऱ्या आंडील कुत्र्याला हा धोका खरा आहे.

आयुष्याचं म्हणाल तर 2013 साली अमेरिकेतल्या 40,139 कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. खच्ची नरांचं अपेक्षित आयुष्य 13.8 टक्क्यांनी जास्त भरलं. ते अपघात आणि संसर्गाने कमी मेले, कर्करोगाने जास्त. या आकड्याने मी हुरळलो नाही. जो मालक ऑपरेशनचा खर्च करतो तो लसही टोचतो आणि फाटकही लावतो.

वागणुकीबद्दल लोकांच्या अपेक्षा सर्वांत अवास्तव असतात. "एकदा करून टाका, गरीब गाय होईल," असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातच प्रौढ कुत्र्यांवर झालेल्या पाहणीत घर सोडून भटकणं दहांतल्या नऊ कुत्र्यांत कमी झालं. दुसऱ्या नरांशी भांडणं, घरात मुतून खूण करणं, चढणं हे साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश कुत्र्यांत कमी झालं. पण भीतीपोटी चावणारा कुत्रा याने सुधारत नाही. त्याच्या भीतीचा उगम वृषणात नसतो. आणि ही सुधारणा कोणत्या वयात ऑपरेशन केलं यावर अवलंबून नव्हती. "मोठा झाल्यावर उपयोग नाही" हे वाक्य त्यामुळे गळून पडतं.

युरोपात एक मधला रस्ताही आहे : डेस्लोरेलिनची तांदळाएवढी कांडी कातडीखाली ठेवतात. पहिले काही आठवडे संप्रेरक उलट वाढतं, मग उतरतं आणि लहान मात्रेची कांडी सहा महिने तरी काम करते. नंतर कुत्रा पुन्हा पूर्वपदावर येतो. ऑपरेशनआधी रंगीत तालीम हवी असणाऱ्याला हे सोयीचं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब यात मिसळू नये. तिथे प्रश्न एका प्राण्याचा नसतो. 2001 चे आणि नंतर 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम त्या वस्तीसाठी आहेत. 2025 साली 22 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही शस्त्रक्रिया आणि लसीकरण करून कुत्र्यांना, पिसाळलेली आणि हिंसक सोडून, मूळ जागी सोडण्याचा आदेश दिला. कान कापलेल्या त्या कुत्र्याला वर्षभर थांबवून पुन्हा पकडणं कुणाला जमणार? हाती लागला की करायचं, हेच तिथे शहाणपण. फक्त एक गोष्ट विसरू नये : एक आंडील नर सुटला तरी गल्लीतल्या सगळ्या माद्यांना पुरतो, म्हणून संख्या आवरते ती मुख्यतः माद्यांच्या शस्त्रक्रियेने.

तांब्याचं प्रकरण मात्र वेगळं होतं, त्या न उतरलेल्या वृषणामुळे. ते सहसा दोनेक महिन्यांच्या वयात उतरतं, सहा महिन्यांनंतर आशा नसते. पोटातल्या उष्णतेत बीज तयार होत नाही, पण संप्रेरक होतं. म्हणून फक्त बाहेरचं काढून शिवून टाकलं तर कुत्रा नरच राहतो आणि आतल्याला कर्करोग होण्याचा धोका, जो खाली उतरलेल्यापेक्षा कितीतरी पट असतो, तसाच उरतो. हा दोष वंशातून उतरतो असं मानतात, त्यामुळे पिल्लांचा विचार बाद. म्हणजे 'करायचं की नाही' हा प्रश्न तांब्यापुरता सुटला होता. उरला होता तो 'कधी'. ती गाठ साधारणतः मधल्या किंवा उतारवयातली. हाडं भरेपर्यंत पाच-सहा महिने थांबल्याने फार काही बिघडणार नव्हतं.

आमची ही या सगळ्या चर्चेत एकच वाक्य म्हणाली : "बाळ्याच्या वेळी आपण विचारलंच नाही. या वेळी विचारून करू." मी डॉक्टरांकडे परत गेलो, कागद घेऊन. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मला वाटलं, आता चिडतील. पण म्हणाले, "थांबू. तोवर दर दोन महिन्यांनी दाखवा आणि रस्त्यावर मोकळा सोडू नका." सहा महिने तांब्या दोरीवर राहिला. शेजारच्या गल्लीतली मादी माजावर आली तेव्हा तो तीन दिवस जेवला नाही आणि रात्रभर रडला. ते आठ-दहा दिवस आम्ही बाळ्याची फाईल मनाशी पुन्हा पुन्हा उघडत होतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. सोनोग्राफीत आतलं वृषण जांघेच्या वरच्या बाजूला सापडलं, चिंचोक्याएवढं. तांब्याचं वजन तेव्हा 19 किलो होतं. टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी जेवण एक चतुर्थांश कमी करायला सांगितलं. मी स्वयंपाकघरात वजनाचा काटा आणून ठेवला आहे. काल रात्री हिने त्याला चोरून अर्धी पोळी दिली, ती मी पाहिली आणि आज सकाळच्या भातातून तेवढं कमी केलं.