इंग्रजी, गप्पांच्या वाटेने

मंगरूळपीरच्या मुलांना भाषा जमत नाही असे ज्याला वाटत असेल, त्याने एक दिवस त्या गावात फिरून यावे. तांड्यावरचे पोरगे आईशी गोरमाटीत बोलते, मित्रांशी वऱ्हाडीत भांडते, दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याकडच्या दुकानात उर्दूच्या वळणाच्या हिंदीत भाव करते आणि परीक्षेत प्रमाण मराठी लिहिते. यांतल्या बहुतेक भाषा त्याला कोणी शिकवलेल्या नाहीत. खेळायला, काही मागायला, भांडायला बोलावे लागले. चुकले, समोरच्याने 'काय म्हणालास?' असे विचारले, तेव्हा तेच वेगळ्या शब्दांत सांगितले. अशा शेकडो प्रसंगांतून भाषा अंगवळणी पडली.

मग इंग्रजीच का अडते? महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे आज बारावी होणाऱ्या मुलाने ती बारा वर्षे पाहिलेली असते. ती त्याला अगदीच येत नाही असेही नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणाने 2023 मध्ये देशातल्या 28 जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचायला दिली. 57.3 टक्क्यांना ती वाचता आली आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश जणांना अर्थही सांगता आला. वाचता येते, अर्थ कळतो. बोलायची वेळ आली की मात्र पाठ केलेली चार वाक्ये संपतात आणि पुढे काही सुचत नाही.

याचे एक कारण साध्या गणितात आहे. वर्गात 40 मुले आणि 35 मिनिटांचा तास असेल, तर शिक्षक संपूर्ण तासभर गप्प बसले तरी एकेका मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी एक मिनिटसुद्धा येत नाही. शिवाय शिक्षकांना शिकवायचेही असते.

दुसरे कारण मेंदूच्या कामाच्या वेगाशी निगडित आहे. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जगातल्या दहा भाषांमधली साधी बोलणी तपासली. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघाले. इकडे प्रयोगशाळेतली मोजमापे सांगतात की चित्र पाहून एका वस्तूचे नाव उच्चारायलाच माणसाला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळणी सुरू करतो. मातृभाषेत हे दुहेरी काम नकळत होते. शिकाऊ भाषेत ऐकणे, अर्थ लावणे, शब्द शोधणे, क्रियापदाचा काळ ठरवणे आणि उच्चार सांभाळणे ही सगळी कामे एकदम अंगावर येतात. त्यात चारचौघांत हसे होण्याची भीती असते. एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये परभाषेच्या वर्गातल्या या भीतीचे मोजमाप करणारी प्रश्नावलीच तयार केली, कारण भाषेच्या वर्गातली ही धास्ती वेगळ्या जातीची आहे असे त्यांच्या लक्षात आले होते.

टाइप करून मारलेल्या गप्पा इथेच मदतीला येतात. त्यात विचार करायला दहा सेकंद मिळतात, पण संवाद जिवंतच राहतो. पलीकडे खरा माणूस असतो आणि तो उत्तराची वाट पाहत असतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रिचर्ड कर्न यांनी फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची तोंडी चर्चा आणि संगणकाच्या जाळ्यावरून टाइप करून केलेली चर्चा यांची तुलना केली. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टाइप करताना विद्यार्थी दुपटीहून अधिक वेळा 'बोलले' आणि त्यांनी दोन ते चारपट वाक्ये रचली. व्याकरणाची शुद्धता आणि चर्चेचा धागा मात्र त्यात सैल पडतो, हेही कर्न यांनी स्पष्टपणे नोंदवले. पुढे 2002 मध्ये स्कॉट पेन आणि पॉल व्हिटनी यांनी आणखी अवघड प्रश्न घेतला: बोटांनी केलेल्या गप्पांचा जिभेला काही उपयोग होतो का? स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांचा आठवड्याला चार तासांचा वर्ग होता. एका गटाचे त्यातले दोन तास चॅटरूममध्ये गेले. सत्राअखेरीस तोंडी परीक्षेत हाच गट पुढे निघाला. त्यांचे स्पष्टीकरण असे की वाक्य मनात जुळवण्याची प्रक्रिया टाइप करतानाही बोलण्यासारखीच चालते, फक्त उच्चाराची शेवटची पायरी गळते. ज्यांची कार्यरत स्मृती, म्हणजे डोक्यात एका वेळी माहिती धरून ठेवण्याची ताकद, बेताची असते त्यांना या सवडीचा विशेष फायदा होतो.

गप्पांमध्ये शिकणे नेमके कोणत्या क्षणी घडते, याचे उत्तर मायकेल लाँग या भाषाशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात दिले. समजत असते तोवर माणूस पुढे जात राहतो. अडते, तेव्हा दोघे मिळून अर्थाची वाटाघाट करतात आणि भाषेकडे लक्ष जाते ते तेव्हाच. समजा, मंगरूळपीरची एखादी विद्यार्थिनी लिहिते, 'माय फादर इज सोईंग सोयाबीन यस्टरडे.' वऱ्हाडीत ऊठसूट 'करून रायला' म्हणायची सवय असल्याने हा 'इंग' तिच्या बोटांत सहज येतो. पलीकडची मैत्रीण विचारते, 'स्टिल सोईंग, ऑर फिनिश्ड?' आता तिला ठरवणे भाग पडते. 'फिनिश्ड. ही सोड यस्टरडे.' भूतकाळ तिने पुस्तकात दहादा पाहिला असेल, पण त्याची गरज तिला या एका प्रश्नाने पटते.

वर्गातली दुरुस्ती अशी रुजत नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के एकाच पद्धतीच्या होत्या: मुलाचे चुकीचे वाक्य सुधारून आपणच म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यांतल्या जेमतेम 31 टक्के वेळा मुलांनी त्या दुरुस्तीला काही प्रतिसाद दिला. शिक्षकांनी प्रश्न विचारून वाक्य मुलाकडूनच काढून घेतले, तेव्हा परिणाम कितीतरी चांगला होता.

पलीकडचा माणूस इंग्लंड-अमेरिकेचाच हवा, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. व्हॅरोनिस आणि गास या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवून दिले की दोघांचीही इंग्रजी शिकाऊ असली, तर अर्थाची वाटाघाट सर्वांत जास्त होते. दोघांनाही लाज कमी आणि विचारपूस अधिक. मंगरूळपीरच्या मुलीला शेजारच्या मानोऱ्याची किंवा मनिलाची मैत्रीण मिळाली तरी काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात दूरच्या माणसांशी, टाइप करून नव्हे पण पडद्यावरून मारलेल्या गप्पांचा गांभीर्याने केलेला एक प्रयोग फलटणला झाला. त्याची मुळे तमिळनाडूतल्या कालिकुप्पम या गावात आहेत. शिक्षण-संशोधक सुगाता मित्रा यांनी तिथल्या मुलांसमोर इंग्रजीतला जैवतंत्रज्ञानाचा मजकूर असलेला संगणक ठेवला आणि शिक्षक दिला नाही. मुलांचे गुण शून्याजवळून 30 टक्क्यांच्या आसपास गेले. मग त्यांच्या ओळखीच्या एका तरुणीला फक्त एक काम सांगितले: मुलांच्या पाठीशी उभे राहायचे, 'हे कसे केलेस?' असे विचारायचे आणि आजी करते तसे कौतुक करायचे. तिला जीवशास्त्र येत नव्हते. गुण 50 टक्क्यांच्या घरात पोहोचले. मित्रा यांनी 2009 मध्ये ब्रिटनमधल्या लोकांना आवाहन केले की आठवड्यातला थोडा वेळ भारतातल्या मुलांशी स्काइपवर गप्पा मारायला द्या. यातून 'ग्रॅनी क्लाउड' उभा राहिला. त्यातले सगळे आजी-आजोबाच होते असे नाही. पुण्याच्या सुनीता कुलकर्णी या उपक्रमाच्या संचालक होत्या. पडद्यावरचा माणूस गोष्ट वाची, कागदाची घडी घालून काही करून दाखवी, आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ दाखवी. धडा नाही, परीक्षा नाही. मित्रा यांना 2013 मध्ये दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले आणि त्यातून अशा शिकण्याच्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. दोन इंग्लंडमध्ये, पाच भारतात. महाराष्ट्रातली एकमेव प्रयोगशाळा फलटणच्या कमला निंबकर बालभवनात होती.

ही निवड फार योग्य होती. 1986 मध्ये ही शाळा सुरू करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. 1960 च्या दशकात त्या फलटणला आल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला त्यांचा 1973 चा प्रबंध फलटणच्याच बोलण्यावर होता: एकाच गावातल्या वेगवेगळ्या जातींची, थरांची माणसे मराठी कशी वेगवेगळी बोलतात यावर. मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तकेही त्यांनी जय निंबकर यांच्यासह लिहिली. मुलाची घरची बोली ही चूक नसून त्याच्या शिक्षणाची सुरुवात आहे, असा आग्रह धरणाऱ्या बाईंच्या शाळेत परदेशी माणसांशी इंग्रजी गप्पा सुरू व्हाव्यात, यात कोणताही विरोध नाही. ज्याला स्वतःच्या भाषेची लाज वाटत नाही, तोच दुसऱ्या भाषेत चुकण्याचे धाडस करतो.

गप्पांवरच सगळे सोपवून चालणार नाही, हेही संशोधनानेच दाखवले आहे. रिचर्ड श्मिट यांनी 'वेस' या टोपणनावाने एका जपानी चित्रकाराची हकिकत 1983 मध्ये प्रसिद्ध केली. हवाईत राहणारा वेस दिलखुलास आणि बडबड्या होता. इंग्रजीत तो दिवसभर बोले, लोकांना त्याच्याशी बोलायला आवडे. पण श्मिट यांनी तीन वर्षे निरीक्षण केले, तेव्हा त्याचे व्याकरण जवळपास होते तिथेच राहिले. अनेकवचन, भूतकाळ यांची प्रगती नगण्य. काम भागत होते, म्हणून त्याने भाषेच्या रूपाकडे कधी पाहिलेच नाही. त्यानंतर श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकले आणि रोजनिशी ठेवत गेले. लोकांच्या बोलण्यातली जी रूपे त्यांनी लक्षपूर्वक टिपली होती, तीच त्यांच्या बोलण्यात आली. लक्षात आल्याशिवाय आत्मसात होत नाही, हा त्यांचा 1990 चा सिद्धांत यातूनच पुढे आला.

वेसच्या गप्पा हवेत विरून जात. टाइप केलेल्या गप्पा फोनमध्ये राहतात, आणि त्यांचा खरा फायदा इथे आहे. रात्री दहा मिनिटे काढून दिवसभराचे चॅट पुन्हा वाचले, पलीकडच्याने तीच गोष्ट कोणत्या शब्दांत म्हटली ते पाहिले, त्यातली दोन वाक्ये वहीत उतरवली, की श्मिट म्हणतात ते 'लक्षात येणे' घडायला लागते. पुढची पायरी व्हॉइस मेसेजची. बोलावे लागतेच, पण पाठवण्याआधी ऐकता येते, पुसून पुन्हा बोलता येते. या दोन पायऱ्या चढल्यावर थेट कॉल तितका भयंकर वाटत नाही. रोमन अक्षरांची तर या मुलांना भीती उरलेलीच नाही. आपली वऱ्हाडी ती व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे रोमन लिपीतच लिहीत आली आहेत.

आता यंत्राशीही गप्पा मारता येतात. चॅटजीपीटीसारखा साथीदार कंटाळत नाही, हसत नाही आणि रात्री अकरालाही हजर असतो. अगदी लाजऱ्या मुलासाठी सुरुवात म्हणून तो फार उपयोगी आहे. पण त्याला मोडकीतोडकी इंग्रजीही बिनचूक कळते. 'काय म्हणालास?' असे तो सहसा विचारत नाही, म्हणून अर्थाची वाटाघाट होण्याचे प्रसंगही कमी येतात. त्याला मुद्दाम सांगावे लागते: माझे वाक्य सुधारून देऊ नकोस, चुकले की प्रश्न विचार.

सगळ्यांत मोठी अडचण भाषेची नाहीच. 'असर 2023' मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण 19.8 टक्के. शिवाय अनोळखी माणसांशी जोडून देणाऱ्या ॲपवर अल्पवयीन मुलीने एकटीने गप्पा माराव्यात असे कोणताही समंजस पालक म्हणणार नाही, आणि ती काळजी रास्त आहे. खासगी फोनच्या भरवशावर ही गोष्ट सोडली, तर निम्मा वर्ग बाहेरच राहील.

म्हणूनच हे काम शाळेत व्हायला हवे. चार-पाच मुलेमुली एका पडद्यासमोर, शिक्षक खोलीतच, पलीकडे ओळखीचा आणि तपासलेला माणूस. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी व्हिडिओ कॉलवरून मुलांना जगाशी जोडून दिले. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्या दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मंगरूळपीर तालुक्यातल्या शाळेला इतका मोठा पल्ला गाठायची गरज नाही. एक संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट आणि आठवड्यातला एक ठरलेला तास पुरतो. दुपारी तीनला इथे शाळा भरलेली असते, तेव्हा ब्रिटनमध्ये ऋतूनुसार सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात, आणि मनिलात संध्याकाळचे साडेपाच. फलटणच्या एखाद्या वर्गाशी जोडून घ्यायचे, तर घड्याळही पाहावे लागणार नाही.