नवी लस आणि उंबरठ्याबाहेरचे मूल

इंग्लंडात डॉ. जेन्नर यांनी देवीच्या लसीचा शोध 1798 साली प्रसिद्ध केला आणि 14 जून 1802 रोजी, आमच्या वसईच्या खाडीपलीकडील मुंबईत, तीन वर्षांच्या एका मुलीस ती टोचली गेली. तेव्हा आगगाडी नव्हती, बर्फाची पेटी नव्हती. एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी बसऱ्यामार्गे ती लस चार वर्षांत येथवर पोचली.

आता अलीकडचा हिशेब पाहावा. बालकांच्या न्युमोनियावरील न्युमोकोकल लस अमेरिकेत 2000 साली मान्य झाली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती 2017 साली काही राज्यांत आली आणि महाराष्ट्रात 2021 साली. विमानांच्या युगात एकवीस वर्षे!

मग घोडे अडले कोठे? प्रथम किमतीपाशी. खाजगी दवाखान्यांत परदेशी लसीच्या एकेका मात्रेस हजारो रुपये पडत. 2020 साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वस्त देशी लस सिद्ध झाली, तेव्हा वाट रुंदावली. दुसरी अडचण उष्म्याची. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये जपावी लागते. वीज गेली की चिंता. तिसरी स्थलांतराची. या लसीच्या मात्रा तीन: बाळ दीड, साडेतीन व नऊ महिन्यांचे झाले म्हणजे द्यावयाच्या. जव्हार-मोखाड्याकडून दिवाळीनंतर वसई तालुक्यातील वीटभट्ट्यांवर आलेले कुटुंब पावसाळ्यापूर्वी गावी परतते. पहिली मात्रा येथे झाली, तर तिसरीची आठवण तेथे कोणी ठेवावी?

चौथी अडचण आम्हां सुशिक्षितांस बोचणारी आहे. आमच्यासारख्या घरांतील नातवंडांना ही लस कित्येक वर्षे आधीच, पैसे मोजून, मिळत होती. त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल मात्र उंबरठ्याबाहेर वाट पाहत राहिले. ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांची गरज भागली होती. ज्यांची गरज होती त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. आपण गप्प राहिलो, हाही विलंबाचा एक भाग नव्हे काय?

आज ही लस सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. म्हणून वाचकभगिनींस एवढीच विनंती, की घरी काम करणाऱ्या बाईंस बाळाच्या लसीची पुढची तारीख विचारावी, ती आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये.