जुन्या लाकडावर नवा हात

श्रावण सरत आला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरे चवथीच्या तयारीला लागतात. भिंतींना रंग लागतो, माटोळीच्या चौकटीवरची वर्षभराची धूळ झटकली जाते, आणि मग दृष्टी जाते ती ओसरीवरच्या जुन्या बाकाकडे, आजोबांच्या वेळच्या खाटेकडे, किंवा कोणाच्या तरी घरातून स्वस्तात विकत आणलेल्या कपाटाकडे. गणपती घरी येण्यापूर्वी त्यावरही रंगाचा एक हात फिरवावा, ही इच्छा स्वाभाविकच होय. डबा येतो, दोन संध्याकाळी काम उरकते. आणि चवथीच्या दिवशी पाहुणे बाकावरून उठतात तेव्हा त्यांच्या कपड्याचे सूत बाकाला चिकटून राहिलेले असते.

यात दोष रंगाचा क्वचितच असतो. दोष असतो तो मुहूर्ताचा.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्या काळात हवा बाष्पाने भरलेली असते. लाकूड हे बाष्प शोषून फुगते. कपाटाचे खण पावसाळ्यात अडकतात ते याच कारणाने. फुगलेल्या लाकडावर रंगाचे कवच चढवले की आतला ओलावा आत कोंडतो, आणि पुढे उन्हाळ्यात तो बाहेर पडू लागला म्हणजे रंगाला फोड येतात. तेलरंग हवेतील प्राणवायू घेऊन वाळतो, पण दमट हवेत ही क्रिया फार मंदावते. स्पिरिटच्या पॉलिशची गत याहून वाईट. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील पाणी त्यावर उतरते, आणि लाख पांढुरकी होऊन बसते. सारे लाकूड धुके पडल्यासारखे दिसते. म्हणून हे काम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावे. शिगम्यापूर्वी सुकलेला रंग चवथीपर्यंत चांगला कठीण झालेला असतो.

आता वस्तूकडे वळावे. डिचोली 1781 साली आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तत्पूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. त्यामुळे येथील जुन्या घरांत पाट, चौरंग आणि कड्यांच्या पेट्या हे देशी सामान, तसेच उंच पाठीच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या, दोन्ही शेजारी शेजारी नांदताना दिसतात. लाकूड बहुधा फणसाचे, सागाचे किंवा शिसवीचे. ते ओळखल्याशिवाय ब्रश हाती धरू नये. फणसाचे लाकूड ताजेपणी हळदीसारखे पिवळे असते आणि प्रकाशाने वर्षानुवर्षे गडद होत तांबूस तपकिरी बनते. हा रंग कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही. तो घासून काढला की पुन्हा पिवळ्यापासून सुरुवात. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून रंग देण्यापूर्वी ते स्पिरिटने पुसून घ्यावे लागते. शिसवीला वरून रंगछटा देणे म्हणजे केशराला हळद लावणे. तिचा स्वतःचाच जांभळट रंग स्पिरिटात उतरतो.

विकत घेतलेल्या सामानावर आधीच गडद रंग असेल तर थोडा संशय धरावा. गडद रंगाखाली कीड, सांधे आणि हलके लाकूड सुखाने लपतात. वस्तू उलटी करून खालची बाजू पाहावी. लहान भोकांखाली ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय ती घरात घेऊ नये.

जुना लेप कशाचा आहे हे कळण्यास एक सोपी परीक्षा आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा थेंब टाकावा. जागा चिकट झाली तर लेप लाखेचा आहे. तो खरवडण्याचे कारण नाही. मळ काढून, स्पिरिटच्या फडक्याने मऊ करून, त्यावरच नवा हात देता येतो. कित्येक वस्तूंना एवढेच पुरे असते. थेंबाचा काही परिणाम झाला नाही तर तो बहुधा तेलरंग, आणि येथे मात्र सावध व्हावे. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासाबरोबर आणि रांगत्या मुलाच्या बोटांवाटे पोटात जाते. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा होतो. असा रंग पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ओला करूनच, घराबाहेर, मुलांना दूर ठेवून काढावा. दिव्याच्या ज्योतीने जाळून तर कधीच काढू नये. कॉस्टिक सोड्याने रंग लवकर निघतो खरा, परंतु सागासारखे लाकूड त्याने काळवंडते.

पॉलिश की रंग, हा प्रश्न यानंतरचा. लाकडाच्या रेषा सुंदर असतील तर त्या झाकणे हा अपराध समजावा. उलट तीन जातींच्या फळ्या जोडून केलेले किंवा ठिगळे लावलेले सामान असेल तर रंगच बरा. तेथे पारदर्शक पॉलिशचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पॉलिशसाठी चपडा लाख एक लिटर स्पिरिटात सुमारे 200 ग्रॅम घालून रात्रभर ठेवावी. भांडे काचेचे किंवा चिनीमातीचे असावे. लोखंडाने लाख काळी पडते. भिजवलेली लाख वर्षभर साठवू नये, ती पुढे नीट कडक होत नाही. लाकडाची छिद्रे खडूच्या भुकटीत गेरू किंवा पिवडी मिसळून भरावी आणि रेषांच्या दिशेने घासून घ्यावे. नंतर कापसाचा गोळा जुन्या मलमलीत बांधून त्या पुरचुंडीने पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा आठ पातळ हात बरे. डिचोलीत रस्त्याकाठच्या घरांत तांबडी धूळ उडते. तेथे हे काम सकाळी, पाणी शिंपडलेल्या बंद खोलीत करावे. मात्र स्पिरिट पेट घेते, हे विसरून जवळ चूल किंवा समई ठेवू नये.

लाखेचे खरे वैभव पाहायचे असेल तर पेडण्याहून पत्रादेवी ओलांडून सावंतवाडीच्या चितारआळीत जावे. लाखकामातील कातारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून चढते. तेथे ना स्पिरिट, ना ब्रश. घरी ते साधण्यासारखे नाही, परंतु लाख लाकडाला किती घट्ट धरते ते तेथे डोळ्यांना दिसते.

रंगच द्यायचा ठरला तर अस्तराचा हात, मग लांबी, पुन्हा घासणे, आणि मग रंगाचे दोन हात, प्रत्येकामध्ये निदान एक दिवस सोडून. फळीची मागची बाजू आणि पायांचे तळवे कोरे ठेवण्याची सवय फार मोठी आहे. एकाच बाजूने बंद केलेली फळी पावसात वाकते, आणि खाटेचे पाय जमिनीचा ओलावा खालूनच पितात. पितळी कड्या रंगवू नयेत. काढून चिंचेने घासून परत बसवाव्या. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवावी, किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.